पावलं पाठ न करता नाच कसा शिकतात? हंगेरीतल्या ‘तांत्सहाझ’ची गोष्ट

बुडापेस्टमधल्या एखाद्या सांस्कृतिक केंद्राचा हॉल. एका कोपऱ्यात तीन-चार वादक खुर्च्यांवर बसलेले. मधल्या मोकळ्या जागेत पंधरा-वीस जोड्या. त्यांत कॉलेजातली मुलं आहेत, सत्तरीतले आजी-आजोबा आहेत, ऑफिसातून थेट आलेली माणसं आहेत. लोकनृत्य म्हटलं की डोळ्यांसमोर येणारे भरतकामाचे पोशाख कुणाच्याही अंगावर नाहीत. प्रेक्षक असे कुणीच नाहीत. संगीत सगळ्यांसाठी एकच, पण कुठल्याही दोन जोड्या एकसारख्या नाचत नाहीत. एक जोडी गरगर फिरते आहे, शेजारची जागच्या जागी झुलते आहे, तिसऱ्या जोडीतला पुरुष जोडीदारणीचा हात सोडून स्वतःच्या बुटांवर तळहातांनी ताल देतो आहे. तरीही कुणी चुकतंय असं वाटत नाही.

याला हंगेरीत ‘तांत्सहाझ’ म्हणतात. ‘तांत्स’ म्हणजे नाच आणि ‘हाझ’ म्हणजे घर.

नवख्या माणसाला इथे पहिला प्रश्न पडतो तो असा: पुढचं पाऊल कोणतं हे या लोकांना कळतं कसं? कुणी बसवून दिलेला नाच नाही, गाण्यानुसार ठरलेल्या हालचाली नाहीत, तर मग शिकायचं काय? या प्रश्नाचं उत्तर खेड्यांतल्या लोकांना न विचारताच ठाऊक होतं. शहरातल्या लोकांना ते नव्याने शोधावं लागलं आणि ते सापडलं तेव्हा फार थोडा वेळ उरला होता.

गावातलं नाचाचं घर

ट्रान्सिल्वेनिया हा प्रदेश आज रोमानियात आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली झालेल्या ट्रियानोनच्या तहाने तो हंगेरीकडून रोमानियाकडे गेला, पण तिथे हंगेरियन बोलणारी वस्ती मोठी राहिली. क्लूज शहराच्या परिसरात ‘सेक’ नावाचं असंच एक हंगेरियन भाषिकांचं मोठं गाव आहे.

सेकमध्ये तरुण मुलं वर्गणी काढून गावातल्या कुणाच्या तरी घराची खोली भाड्याने घेत, वादक ठरवत आणि ठरलेल्या दिवशी तिथे नाच होई. ते ‘तांत्सहाझ’. गावात तीन आळ्या होत्या आणि प्रत्येक आळीचं नाचाचं घर वेगळं होतं. सेकच्या कितीतरी मुली क्लूजमध्ये घरकामाला राहत. सुट्टीच्या दिवशी त्या आणि गावाकडून आलेले तरुण शहरातही जागा मिळवून आपलं तांत्सहाझ भरवत. शहरी लोकांच्या लेखी हा खेडवळपणा होता. त्या मुलींसाठी मात्र आठवड्यातला तो एवढाच वेळ होता, जेव्हा त्या कुणाच्या मोलकरणी नसत.

या घरात नाच शिकवणारा कुणी नव्हता. लहान मुलं दाराशी उभी राहून बघत, कोपऱ्यात एकमेकांना धरून करून पाहत. मोठ्या बहिणी धाकट्यांना घरी फिरवत. वयात येईपर्यंत नाच अंगात भिनलेला असे. पहिलीत जाण्याआधी मूल जसं घरची भाषा बोलू लागतं, तसंच हे होतं.

स्टेजवर नाच उरला, हॉलमधून गेला

हंगेरीत लोकसंगीताच्या संग्रहाचं काम जुनं आहे. बेला बार्तोक आणि झोल्तान कोदाय हे दोन संगीतकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांत फिरले आणि त्यांनी हजारो गाणी टिपून ठेवली. दुसऱ्या महायुद्धानंतर देशात कम्युनिस्ट राजवट आली. सरकारने लोकनृत्याला उत्तेजन दिलं, पण सोव्हिएत पद्धतीने. मोठे संच, मोठं वाद्यवृंद, एकाच वेळी उचलले जाणारे पन्नास पाय. आपल्याकडे शाळेच्या पटांगणावर शंभर मुलं लेझीम खेळतात, तेव्हा सगळ्यांचे हात एका क्षणी वर जायला हवेत अशी अपेक्षा असते. तशीच शिस्त तिथे जोडीच्या नाचाला लावली गेली.

यामुळे नाच देखणा झाला, पण त्याचा स्वभाव बदलला. गावात जोडी जोडीदारासाठी आणि वादकांबरोबर नाचत असे. स्टेजवर ती प्रेक्षकांकडे तोंड करून नाचू लागली. संचातल्या कलाकारांना दिग्दर्शकाने बसवलेला नाच येत होता, पण तालीम नसलेल्या गाण्यावर पाच मिनिटं एकमेकांबरोबर सहज नाचायला सांगितलं असतं, तर बहुतेकांची पंचाईत झाली असती.

६ मे १९७२

ही उणीव ज्यांना जाणवली, त्यांत नृत्य-अभ्यासक द्यॉर्द्य मार्तिन यांचं नाव आधी घ्यावं लागतं. मार्तिन (१९३२–१९८३) गावोगावी जाऊन नाचाचं चित्रीकरण करत आणि एकेक फिल्म सावकाश फिरवून पावलं लिहून काढत. त्यातून त्यांना दिसलं की चांगला नाचणारा तोच नाच दुसऱ्यांदा तसाच्या तसा करत नाही. पण तो मन मानेल तसंही नाचत नाही. त्याच्याजवळ छोट्या छोट्या हालचालींचा साठा असतो आणि त्या कशा जोडायच्या याचे न सांगितलेले नियम असतात. बोलीभाषांचे पट्टे असतात तसे मार्तिन यांनी हंगेरियन नाचांचेही पट्टे पाडले. डॅन्यूब नदीच्या बाजूचा, तिसा नदीच्या बाजूचा आणि ट्रान्सिल्वेनियाचा.

त्याच सुमारास फेरेंत्स शेबो आणि बेला हाल्मोश हे वास्तुशास्त्र शिकलेले दोन तरुण गिटार घेऊन गात असत. मार्तिन यांच्याकडून त्यांना सेकच्या संगीताची ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळाली. हाल्मोश यांनी ते सूर व्हायोलिनवर जसेच्या तसे उतरवायला घेतले. सेकच्या नाचाचा अभ्यास केलेले नृत्यदिग्दर्शक फेरेंत्स नोवाक आणि दुसऱ्या संचाचे प्रमुख शांदोर तिमार हेही या प्रयत्नात होते.

६ मे १९७२ रोजी बुडापेस्टच्या लिस्त फेरेंत्स चौकातल्या एका पुस्तक क्लबात शहरातलं पहिलं तांत्सहाझ भरलं. त्या संध्याकाळी फक्त चार हौशी नृत्यसंचांतले लोक होते आणि कार्यक्रम करायचा नाही, नुसतं आपसांत नाचायचं, एवढंच ठरलं होतं. पुढे तिमार आणि त्यांच्या संचाने एक पाऊल पुढे टाकलं. १९७३ मध्ये त्यांनी कुणालाही येता येईल असं तांत्सहाझ सुरू केलं आणि आलेल्याला तिथेच, त्याच संध्याकाळी शिकवायचं असं ठरवलं. नाच न येणारा माणूस बाहेर उभा राहून बघणार नाही, हा यातला खरा बदल होता. ‘मुझिकाश’ हा पुढे जगभर गाजलेला वाद्यसंचही १९७३ मध्येच उभा राहिला.

आधी कान, मग पाय

तांत्सहाझमध्ये शिकवला जाणारा सर्वांत ओळखीचा जोडीचा नाच म्हणजे ‘चारदाश’. रस्त्याकडेच्या खानावळीला हंगेरियनमध्ये ‘चारदा’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. चारदाश साधारणपणे संथ लयीत सुरू होतो आणि पुढे द्रुत होतो. संथ भागाला ‘लाश्शू’ आणि जलद भागाला ‘फ्रिश’ म्हणतात.

शिकणारा माणूस सहसा सुरावट ऐकतो, कारण व्हायोलिन सगळ्यांत ठळक असतं. पण नाच व्हायोलिनच्या खाली चालतो. ट्रान्सिल्वेनियाच्या वाद्यसंचात मुख्य व्हायोलिनवादकाबरोबर ‘कोंत्रा’ आणि मोठा बास असतो. कोंत्रा म्हणजे तीन तारांचा व्हायोला. त्याची घोडी वरून सपाट असते, त्यामुळे गज फिरवला की तिन्ही तारा एकदम वाजतात. तो सूर धरत नाही, ताल आणि भरणा पुरवतो.

जलद चारदाशात बास ठोक्यावर वाजतो आणि कोंत्रा दोन ठोक्यांच्या मधे. ‘एस्-ताम, एस्-ताम’ असा तो आवाज येतो, म्हणून त्या वादनाला ‘एस्ताम’ असंच नाव आहे. संथ चालीत बास आणि कोंत्रा एकत्र चालतात आणि गजाच्या एका ओढीत दोन झोके देतात. त्याला ‘द्यूव्यो’ म्हणतात. पाय या झोक्याला बांधलेले असतात. म्हणून अनुभवी शिक्षक नवख्यांना आधी फक्त उभं करतात, गुडघे सैल सोडायला सांगतात आणि बास ऐकत वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायला लावतात. पावलं अजून सुरूच झालेली नसतात.

प्रदेशाप्रदेशातला पहिला फरकही इथेच कळतो. काही भागांत ठोक्यावर गुडघा वाकून अंग खाली जातं, काही भागांत ठोक्यावर अंग वर उचललं जातं. पावलं तीच असली तरी या एका फरकामुळे नाच दुसऱ्या गावचा होतो.

एक पाऊल, दोन पावलं

चारदाशची मूळ पावलं कुणालाही एका संध्याकाळी जमतात. उजवीकडे एक पाऊल टाकायचं, दुसरा पाय जवळ आणायचा, मग तसंच डावीकडे. ही एकेरी चाल. दुहेरी चालीत उजवीकडे दोनदा आणि डावीकडे दोनदा. एवढंच.

अवघड असतं ते हे दुसऱ्या माणसाबरोबर करणं. सर्वसाधारण पकडीत बाई पुरुषाच्या खांद्यांवर हात ठेवते आणि पुरुषाचे हात तिच्या कमरेवर किंवा पाठीवर असतात. नवख्या पुरुषाला वाटतं, हातांनी ओढून दिशा दाखवायची. प्रत्यक्षात दिशा हातांनी दिली जात नाही. तो स्वतःचं वजन हलवतो आणि धडाबरोबर हात जातात, त्यातून जोडीदारणीला कळतं. बाईकडूनही नुसतं मागे मागे जाणं अपेक्षित नसतं. तिने स्वतःचं वजन स्वतःच्या पायांवर तोललं नाही, तर सगळा भार पुरुषाच्या खांद्यांवर येतो आणि दोघंही दहा मिनिटांत थकतात.

नवख्यांच्या चुका जगभर सारख्याच असतात. पावलं फार मोठी पडतात, खांदे ताठ होतात आणि नजर स्वतःच्या बुटांवर खिळते. खाली पाहिलं की डोकं पुढे झुकतं, तोल पुढे जातो आणि जोडीदार मागे ढकलला जातो. म्हणून शिक्षक पुन्हा पुन्हा समोर पाहायला सांगतात.

गिरकीचं गणित

चारदाशचा जीव गिरकीत असतो. ती कशी साधते हे फुगडी खेळलेल्या माणसाला लगेच समजेल. फुगडीत दोघी पाय जवळ ठेवून, हात घट्ट धरून मागे झुकतात. प्रत्येकीचं वजन दुसरीच्या हातांत असतं आणि दोघींच्या मधला एक न दिसणारा बिंदू फिरण्याचं केंद्र होतो. एकीने हात ढिले सोडले तर दोघी पडतात.

चारदाशात दोघं फुगडीपेक्षा खूप जवळ असतात, पण तत्त्व तेच. समोरासमोर नेमकं न उभं राहता दोघं किंचित सरकून उजवी कुशी उजव्या कुशीकडे आणतात. उजवा पाय आत, केंद्राजवळ छोटं पाऊल टाकत राहतो. डावा पाय बाहेरून जमिनीला रेटा देतो, लहान मुलं एक पाय स्कूटरवर ठेवून दुसऱ्याने ढकलतात तसा. पाठीचा वरचा भाग हलकासा बाहेर झुकतो आणि जोडीदाराचे हात ते वजन पेलतात. दोघांनी सारखं वजन दिलं की गिरकी आपोआप वेग घेते, कुणालाच जोर लावावा लागत नाही. एकाने दिलं आणि दुसऱ्याने रोखून धरलं की जोडी भरकटते.

चक्कर येण्यावरचा उपायही नाचातच आहे. भिंतीकडे न पाहता जोडीदाराच्या चेहऱ्याकडे पाहायचं, कारण फिरणाऱ्या खोलीत तेवढी एकच गोष्ट स्थिर असते. आणि काही वेळाने थांबून, गुडघ्यात वाकून, उलट्या दिशेने फिरायचं. आधीचा पीळ त्याने उलगडतो.

चार शब्दांतून वाक्य

एकेरी चाल, दुहेरी चाल, गिरकी, गिरकी थांबवणं. एवढं हाती आलं की शिकणाऱ्यासमोर खरा टप्पा येतो. पुढे काय करायचं हे कुणी सांगत नाही. या टप्प्यावर बरेचजण नवनवीन आकृत्या गोळा करण्याच्या मागे लागतात. शिक्षक मात्र आहे त्या चारांतूनच नाचायला लावतात.

जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणताना छंद नव्याने बनवत नाही. साचा कानात असतो, काही शब्द ठरलेले असतात आणि त्यात ती आजचं दुःख, आजचं माहेर घालते. चारदाश नाचणारा साधारण हेच करतो. सुरावटीचा एक चरण कुठे संपतो हे त्याला ऐकू येतं, तिथे तो गिरकी थांबवतो किंवा दिशा बदलतो. चरण संपायच्या आतच थांबला, तर वाक्य अर्धवट तुटल्यासारखं वाटतं. अशा वेळी पाऊल बरोबर असूनही नाच बेसूर होतो.

तिमार यांच्या शिकवण्यामागेही हाच विचार होता. कोदाय यांनी मुलांना संगीताची मातृभाषा मिळायला हवी असं मांडलं होतं, तिमार तेच नाचाबाबत करू पाहत होते. आधी थोडक्या साधनांत बोलता यावं, मग शब्दसंग्रह वाढवावा. १९८१ मध्ये ते हंगेरीच्या सरकारी लोकनृत्य संचाचे प्रमुख झाले आणि एकेकाळी फक्त बसवलेले नाच करणाऱ्या स्टेजवरही उत्स्फूर्त नाचणारी जोडी दिसू लागली.

कुणाकडून शिकलं

सत्तरच्या दशकात बुडापेस्टचे तरुण पाठीवर पिशव्या टाकून ट्रान्सिल्वेनियात जाऊ लागले. हा प्रवास सोपा नव्हता. नात्यातल्या अगदी जवळच्या माणसांखेरीज कुणा परदेशी पाहुण्याला घरात मुक्कामाला ठेवू नये, असा नियम रोमानियात १९७४ मध्ये आला. पाहुण्याला एक रात्र अंथरूण देणं यजमानाच्या अंगाशी येऊ शकत होतं. तरी दारं उघडली गेली. वर्षानुवर्षं खेड्यांतून गाणी गोळा करणारे झोल्तान काल्लोश यांच्यासारख्या संग्राहकांनी वाटा दाखवल्या.

ज्यांच्याकडून हे संगीत शिकलं गेलं, ते गावचे वादक बहुतांशी रोमा समाजाचे होते. पिढ्यान्पिढ्या ते हंगेरियन, रोमानियन आणि रोमा अशा तिन्ही समाजांच्या लग्नांत वाजवत आले होते आणि कुठल्या घरात कोणती चाल लागते हे त्यांना पाठ होतं. नाच त्यांच्यावाचून होत नसे, पण गावातलं त्यांचं स्थान खालचंच राहिलं. तांत्सहाझच्या चळवळीने या वादकांची नावं ध्वनिमुद्रिकांवर आणली. १९९७ ते २००१ या काळात बुडापेस्टमधल्या ‘फोनो’ या संगीत केंद्राने उरलेल्या ग्रामीण वादकांना बोलावून त्यांचं वादन नोंदवून घेतलं. त्या प्रकल्पाचं नावच ‘शेवटचा तास’ असं होतं.

गावातली रीत होती तशी उचलली गेली, असं मात्र नाही. जुन्या गावात बोलावणं मुलाकडून यायचं, मुलगी वाट पाहायची आणि नकार हा अपमान मानला जायचा. सुरुवातीला ज्याच्याबरोबर उभं राहिलं, त्याच्याबरोबर नाचांची सगळी मालिका संपेपर्यंत राहायचं. शहरातल्या तांत्सहाझमध्ये मालिकेची पद्धत टिकली, कारण संथ ते द्रुत असा चढ एकाच जोडीदाराबरोबर चढण्यात मजा आहे. पण आता बाईही पुरुषाला नाचायला बोलावते आणि ‘नको’ म्हणण्याची मोकळीक दोघांनाही असते.

खुद्द गावांत काय झालं? तरुण कामासाठी बाहेर पडले, लग्नांत स्पीकर आणि कीबोर्ड आले आणि जुनी नाचाची घरं हळूहळू बंद पडली. आज सेकचा नाच शिकायचा तर बुडापेस्टला किंवा उन्हाळ्यात भरणाऱ्या शिबिरांना जाणारे अधिक आहेत. नाच वाचला, पण ज्या आळीत तो लागायचा ती आळी त्याच्यावाचून जगायला शिकली. ही खंत चळवळीतल्या लोकांनाही आहे. म्हणूनच ट्रान्सिल्वेनियातली बरीच शिबिरं मुद्दाम त्या त्या गावात भरतात आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना नाचून दाखवायला, चुका काढायला बोलावलं जातं.

२०११ मध्ये युनेस्कोने तांत्सहाझच्या पद्धतीची नोंद अमूर्त वारसा जपण्याच्या चांगल्या पद्धतींच्या यादीत केली. ही नोंद एखाद्या विशिष्ट नाचाची नाही, शिकवण्याच्या पद्धतीची आहे. जिवंत संगीत, जाणत्याने नवख्याला हाताला धरून शिकवणं आणि वय किंवा पूर्वतयारी न विचारता सगळ्यांना आत घेणं.

पहिली संध्याकाळ

आजचं तांत्सहाझ बहुधा शिकवणीने सुरू होतं. सगळे गोल करून उभे राहतात, वजन हलवतात, एकेरी चाल करतात. मग जोड्या लागतात आणि दर काही मिनिटांनी जोडीदार बदलायला सांगितलं जातं. एकाच माणसाबरोबर शिकलं की दोघांच्या चुका एकमेकांना सवयीच्या होतात. दहा जणांबरोबर नाचल्यावर कळतं, आपल्या हाताचा कोणता भाग उगाच ताठ आहे.

काही वेळाने शिक्षक बाजूला होतो. वादक थांबत नाहीत, उलट इथून पुढे त्यांचं खरं काम सुरू होतं. जाणते लोक उतरतात, लय चढते आणि नवखे भिंतीकडे सरकू लागतात. नेमक्या याच वेळी कुणीतरी जुनं माणूस येऊन त्यांच्यापुढे हात करतं. जुन्या गावात दाराशी उभ्या राहिलेल्या पोरांना मोठी बहीण आत ओढून घ्यायची, तसंच.